गळ खुंटीला असताना



पावसाळ्याच्या तोंडी एके दिवशी वर्गात सांगत होतो की, मृगाच्या पहिल्या पुरात मासे धरू नयेत. त्यावर भोंगवलीकडून येणारा एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, ओढ्याला पाणी येते ते ह्याच दिवसांत, आणि नेमके तेव्हाच आपण नको म्हणता. गळ खुंटीला अडकवून ठेवायचा, तर रविवारी आम्ही करायचे तरी काय?" वर्ग हसला, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. घंटा झाल्यामुळे त्या दिवशी उत्तर अपुरे राहिले. ते येथे पुरे करतो.

भोंगवली हे भोर तालुक्यातील गाव नीरेच्या खोऱ्यात आहे. सह्याद्रीतून उतरणारी नीरा, तिला मिळणाऱ्या वेळवंडी व गुंजवणी ह्या नद्या आणि वेळवंडीवरील १९२८ साली पुरे झालेले भाटघरचे धरण, ह्यांमुळे ह्या मुलखात पाण्याची ओढ लहानपणीच लागते. मुलाला पोहता येऊ लागले की काठी, दोरा व गळ त्याच्या हाती आपोआप येतात. ह्यात वावगे काहीच नाही. मात्र ह्या छंदाला एक विसाव्याचा काळ आहे, व तो का आहे हे समजून घेतले पाहिजे.

आपल्या नद्यांतील पुष्कळ जातींचे मासे पहिल्या पावसाचे गढूळ पाणी खाली आले की प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. ह्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. उथळ ओढ्यांत, बुडालेल्या गवताच्या आधाराने, कित्येकदा भातखाचरांतही मादी अंडी घालते. त्या वेळी ती पोटातील भार घेऊन अरुंद व उथळ पाण्यात आलेली असते. म्हणून ती सहज सापडते, आणि म्हणूनच ती धरू नये. मोठ्या मादीच्या पोटी हजारो अंडी असतात. एका दुपारच्या कालवणासाठी आपण पुढील वर्षाची नदीच रिकामी करीत असतो. कोकणच्या समुद्रावरही ह्याच कारणासाठी १ जून ते ३१ जुलै ह्या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा गळ खुंटीला लागला तर ती शिक्षा न समजता ठेव समजावी.

आता प्रश्न उरला तो रिकाम्या वेळेचा. येथे मला असे सांगावयाचे आहे की, गळ टाकणाऱ्या मुलाच्या अंगी तीन गुण आधीच आलेले असतात. तासन् तास न कंटाळता बसणे, हा पहिला. आवाज न करणे, हा दुसरा. आणि पाण्यावरील बारीकशी थरथरही नजरेतून न सुटणे, हा तिसरा. निसर्गाच्या अभ्यासाला ह्याहून अधिक भांडवल लागत नाही. ज्या डोळ्यांनी तो पाण्यात पाहतो, ते त्याने थोडे वर उचलून काठाकडे, झाडाकडे व आकाशाकडे लावावेत, इतकेच बाकी असते.

ह्याचे एक उदाहरण आपल्याच पुणे प्रांतातील आहे. विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यातील अधिकारी होते. पेशवाई संपल्यावर, १८२४ पासून १८३१ पर्यंत, दख्खनची पाहणी करून तिची माहिती गोळा करण्याच्या कामी ते हिंडत होते. गावे, पिके व माणसे ह्यांची गणती करता करता त्यांनी येथील पक्षी पाहिले, मासे तपासले आणि हवेच्या दाबाची व पावसाची टिपणे ठेवली. दख्खनच्या पक्ष्यांची त्यांची यादी १८३२ साली, तर माशांचे वर्णन १८३९ साली इंग्लंडात प्रसिद्ध झाले. आपल्या प्रत्येक ओढ्याकाठी मान आखडून बसलेला मातकट रंगाचा ढोकरी बगळा आपण नित्य पाहतो; त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम साइक्सनीच १८३२ साली केले.

परंतु त्यांच्या माशांच्या वर्णनात आपणांस अधिक जवळची अशी एक गोष्ट आहे. पुण्याच्या मुळा-मुठेतील महाशीर माशाला त्यांनी शास्त्रात जे नाव दिले, ते 'खुद्री'. दुसऱ्या एका माशाला दिले 'कोलस', तिसऱ्याला 'बोगट'. एका वंशाचे नाव त्यांनी 'रोहटी' असेच ठेवले. हे शब्द लॅटिन कोशातून काढलेले नव्हेत. ते नदीकाठच्या लोकांच्या तोंडून ऐकून घेतलेले होत. जगाच्या पाठीवर कोठेही ह्या महाशिराचा अभ्यास होवो, त्याचे नाव उच्चारताना आपल्या नदीवरील बोलीच उच्चारली जाते. साइक्सनी विचारले आणि लिहून ठेवले, म्हणून ते शब्द टिकले. न विचारलेले किती शब्द गेले असतील, ह्याचा विचार आपण करावा.

ह्यावरून आपल्या छंदांचा पहिला नियम निघतो: जे पाहाल ते त्याच दिवशी वहीत लिहा. आता असे चार छंद सांगतो. चारही एकदम धरू नयेत. ज्याकडे मन ओढ घेईल तो एक धरावा.

पहिला छंद पक्षिनिरीक्षणाचा. ह्याला पिंजरा नको, गलोल तर नकोच नको. खंड्या कोणत्या फांदीवरून बुडी मारतो, पाणकावळा पंख पसरून उन्हात का बसतो, टिटवी आपली अंडी उघड्या माळावर खड्यांत कशी लपविते, हे पाहण्यास गळकऱ्याची बैठक पुरते. पक्ष्यांचे येणेजाणे हेही एक पंचांगच आहे. पावसाच्या आगेमागे येणारा काळा-पांढरा, शेंडीवाला चातक पुष्कळदा आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो. तर शेपटी हालविणारा धोबी हिवाळ्यात उत्तरेकडून उतरतो. ह्या दोघांचे दर्शन आपल्या गावी प्रथम कोणत्या तारखेस झाले, हे ओळीने दहा वर्षे लिहून ठेवणाऱ्याची वही मोठमोठ्या पंडितांनाही उपयोगी पडेल. नसरापूरजवळ बनेश्वराचे देऊळ आहे. त्याभोवतीच्या झाडीत सकाळचा एक तास स्वस्थ बसल्यास नवशिक्यालाही दहाबारा जाती सहज मोजता येतात.

दुसरा छंद पाऊस मोजण्याचा. ह्याला खर्च जवळजवळ नाही. सपाट बुडाची व सरळ उभ्या बाजूंची काचेची बरणी घ्यावी. घरापासून व झाडांपासून, त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, ती मोकळ्या जागी घट्ट बसवावी. रोज सकाळी साडेआठ वाजता आतील पाण्याची उंची मोजपट्टीने मिलिमीटरांत मोजून लिहावी व बरणी रिकामी करावी. भारतीय हवामान खात्याचीही पाऊस मोजण्याची वेळ हीच आहे, आणि अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तरच ते खाते त्यास पावसाचा दिवस म्हणते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे शंभर लिटर पाणी, हे एकदा ध्यानात आले की बरणीतील रेघ आणि बापाच्या शेतातील ओल ह्यांचा संबंध मुलाला उमगतो. ह्यात मौज अशी की, वेल्ह्याकडील एका मित्राने व भोंगवलीकडील एका मित्राने एकच दिवस मोजलेला पाऊस सहसा सारखा नसतो. पश्चिमेचे वारे सह्याद्री चढताना थंड होतात व आपले बहुतेक पाणी माथ्यावरच ओततात. पूर्वेकडे उतरताना त्यांची झोळी रिती होत जाते. भूगोलाच्या पुस्तकातील पर्जन्यछाया ती हीच. दोघांच्या वह्या शेजारी ठेवल्या की ती पाठ करावी लागणार नाही.

तिसरा छंद वनस्पतींचा. रस्त्याकडेचे तण, बांधावरचा तेरडा, पावसाच्या अखेरीस डोंगर पिवळे करणारी सोनकी, ह्यांची एकेक डहाळी जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत ठेवून वर वजन द्यावे व कागद रोज बदलावा. आठ-दहा दिवसांत ती सुकते. मग ती जाड कागदावर लावून खाली गाव, तारीख, जागा आणि आजीने सांगितलेले नाव लिहावे. जी वनस्पती विपुल आहे तीच घ्यावी. एकटी दिसेल तिचे चित्र काढून तिला जागीच सोडावी. रायरेश्वराचे पठार ह्या अभ्यासास उत्तम. तेथे फुलांवरून चालू नये, हे मात्र सांभाळावे.

चौथा छंद आकाशाचा. आपले शेतकरी पावसाचा हिशेब नक्षत्रांवर करितात. परंतु ज्या मृगावर पेरणीची आशा असते, तो मृग त्या दिवसांत रात्री दिसत का नाही, हे कितीजणांनी स्वतःस विचारले आहे? जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस सूर्यच त्या नक्षत्रात जातो; म्हणून ते नक्षत्र दिवसा आकाशात असते व उजेडात लपते. तेच पौष-माघात संध्याकाळी पूर्वेकडून वर येऊन रात्रभर झळकते. भोर-वेल्ह्याच्या डोंगराकडील रात्र शहरातील रात्रीपेक्षा अजून काळोखी आहे. ही श्रीमंती शहरातील मुलाला नाही.

ह्या चारींना जोडणारा पाचवा छंद म्हणजे पायी भटकणे. भोरजवळचा रोहिडा, वेल्ह्यावरील सुमारे १४०० मीटर उंचीचा तोरणा आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ स्वराज्याची राजधानी असलेला राजगड हे इतिहासाचे धडे तर आहेतच. परंतु पायथ्यापासून माथ्यापर्यंत झाडी कशी बदलते, टाक्यांतील पाणी उन्हाळ्यात कोठवर टिकते, हेही तेथे पाहावे. उन्हाळ्याच्या अखेरीस भाटघरचे पाणी ओसरले की एरवी बुडालेले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडते. ते पाहताना धरणाने काय दिले व काय घेतले, ह्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

तो विचार आपणांस पुन्हा माशांकडेच आणतो. महाशीर हा प्रवाहात वर चढून अंडी घालणारा मासा. धरणाची भिंत आडवी आली, नदीतील पाणी मैले झाले व डोहांतून अविचाराने मासेमारी झाली, म्हणून त्याची संख्या खालावली. ते ओळखून लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या जलाशयाकाठी १९७० नंतरच्या दशकात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी प्रभृतींनी साइक्सच्याच त्या 'खुद्री'ची पिले कृत्रिम रीतीने वाढविली, व ती इतर राज्यांतील पाण्यांतही सोडण्यात आली. भोरहून वरंध घाट उतरून महाडच्या बाजूस गेल्यास काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह लागतो. तेथील मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे काठाशी येतात. गळावाचूनही माशांचा आनंद घेता येतो, ह्याचा असा साधा पुरावा दुसरा नाही.

आता वहीविषयी दोन शब्द. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, हवा व पाहिलेली गोष्ट ही पाच अंगे असावीत. जे पाहिले तेच लिहावे. जे वाटले ते निराळ्या ओळीत लिहावे. नाव ठाऊक नसेल तर वर्णन करावे व मग घरातील आजोबांना, गुराख्याला, नदीवरील भोईदादांना विचारावे. वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) ह्यांनी आयुष्यभर जंगलात राहून तेथील लोकांकडून पाखरांची नावे ऐकली व 'पक्षिकोश' सिद्ध केला. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याच्या पायाशी बसून शिकावे, हा त्या ग्रंथाचा मला जाणवलेला धडा आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी बांधावर बसून पाखरे पाहते, ह्यास रिकामटेकडेपणा समजू नये. मात्र पुराच्या पाण्याकाठी व पावसाळ्यात निसरड्या कड्यावर त्यांना एकटे पाठवू नये. शक्य तर आपणही सोबत जावे. विचारलेल्या नावाचे उत्तर आपल्याजवळ आहे, हे आपल्या मुलाला कळू द्यावे.

सह्याद्रीच्या उतारांवर कारवी नावाचे झुडूप आहे. ते सात-आठ वर्षांनी एकदाच मोठ्या प्रमाणावर फुलते आणि फुलून झाले की वाळते. दहा वर्षांच्या मुलाने आज तो जांभळा डोंगर पाहिला, तर पुन्हा पाहील तेव्हा तो मिसरूड फुटलेला तरुण असेल. मधल्या काळात डोंगर तसाच राहिला की बदलला, हे केवळ आठवणीवर ठरत नाही; ते वहीवर ठरते.

म्हणून माझ्या त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर हे: बाळ, गळ खुंटीला लाव, आणि त्याच खुंटीला एक वही व पेन्सिल दोरीने बांधून ठेव. गळ काढायला जाशील तेव्हा वही हाताला लागेल. पाऊस सरल्यावर तू पुन्हा नीरेकाठी बसशील, तेव्हा पाण्यात मासेही असतील, आणि काठावरचे अर्धे जग तुझ्या ओळखीचे झालेले असेल.