शाळेची सुरक्षितता : पूर आणि आग

प्रश्न : वेदगंगेकाठच्या आमच्या मराठी शाळेत आपत्तीची पूर्वतयारी कशी असावी? – एक पालक, निपाणी तालुका

उत्तर : २०१९ च्या ऑगस्टात व पुन्हा २०२१ च्या जुलैत ज्या वेदगंगेने यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्गच बंद पाडला, तिच्या तीरावर शाळा सोडण्याचा हुकूम पाणी पुलाला टेकण्यापूर्वीच निघावा आणि दाखल्यांचे दप्तर उंचावर हलवावे, हे उघड आहे. तथापि आगीची उपेक्षा नको : २००४ साली कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून पसरलेल्या आगीत ९४ बालके दगावल्यानंतर, २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शाळेत अग्निशामक साधने व शिक्षकांचे प्रशिक्षण अनिवार्य ठरविले, सबब शाळा समितीने जूनमध्येच सराव घेऊन, ११२ क्रमांकासह सूचनाफलक कन्नड व मराठी या उभय भाषांत लावावेत.