सशाचीं नखें कशीं कापावीं

तुमच्यापैकीं कित्येकांच्या घरीं ससा आहे. त्याला काय खावयास घालावें हें तुम्ही मला हौसेनें विचारतां. त्याच्या नखांविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं. पाळीव सशाचे पूर्वज युरोपांत बिळें खणून राहत, व माती उकरतांना त्यांचीं नखें आपोआप झिजत. आपल्या कुर्ल्याच्या खोल्यांतील गुळगुळीत लादीवर तीं झिजत नाहींत. वाढलेलें नख गोणपाटांत किंवा पिंजऱ्याच्या जाळींत अडकून मुळापासून उपटतें. बोटें वांकडीं पडून चालणेंहि दुःखाचें होतें. म्हणून दर चार-सहा आठवड्यांनीं तीं पाहून कापणें अवश्य आहे.

परंतु या कामांतला खरा धोका पुष्कळांस ठाऊक नसतो. आपल्या शाळेंतील एका मुलानें पलंगावर बसून, एकट्यानेंच, सशाचीं नखें कापावयास घेतलीं. एका नखांतून रक्ताचा थेंब आला. मुलगा दचकला, हात सैल झाले, आणि सशानें मागच्या पायांनीं जोराची लाथ झाडली. त्यानंतर ते पाय पुन्हां हललेच नाहींत. डॉक्टरांनीं पाहून कणा मोडल्याचें सांगितलें. “सर, मीं नख फार कापलें,” असें तो मुलगा कित्येक दिवस म्हणत होता. वास्तविक तें रक्त थोड्याच मिनिटांत थांबलें असतें. सशाचा सांगाडा फार हलका, शरीराच्या वजनाच्या सुमारें ८ टक्के. मांजराचा १२-१३ टक्के असतो. उलट मागचे पाय विलक्षण बळकट. आधार सुटला असतां स्वतःच्याच लाथेनें त्याचा कणा मोडूं शकतो.

यास्तव हें काम दोघांनीं करावें, आणि जमिनीवर बसून करावें. कान धरून ससा कधींहि उचलूं नये. एक हात छातीखालीं व दुसरा ढुंगणाखालीं घेऊन त्याला आपल्या अंगाशीं टेकवावा. वाटल्यास टॉवेलांत गुंडाळावा, तोंड मात्र बाहेर ठेवावें. सशाला उन्हाळा सोसत नाहीं, म्हणून सकाळची थंड वेळ बरी. कित्येक लोक त्याला उताणा निजवितात व तो निश्चल पडला कीं झोंप लागली असें समजतात. ती झोंप नव्हे, भीतीनें आलेलें ताठरपण होय. ससा क्वचितच ओरडतो. तो गप्प आहे म्हणून सुखी आहे असें धरून चालूं नये.

पुढच्या प्रत्येक पायाला पांच व मागच्याला चार, अशीं एकंदर अठरा नखें असतात. पुढचें पांचवें नख आंतल्या बाजूस थोडें वर असतें व तेंच बहुधा विसरतें. केंस ओल्या बोटानें बाजूस सारावे. पांढऱ्या नखांत गुलाबी जिवंत भाग स्पष्ट दिसतो. काळ्या नखामागें विजेरी धरावी. त्या भागापासून दोन-तीन मिलिमीटर पुढें, मांजराच्या नखांसाठीं मिळणाऱ्या लहान कात्रीनें कापावें. आपल्या नेलकटरनें नख दबून चिरण्याचा संभव असतो. रक्त आलेंच तर कॉर्नफ्लॉवर लावून कापसानें दाबून धरावें आणि सशावरची पकड सोडूं नये. दहा मिनिटांत न थांबल्यास परळचें बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचें जनावरांचें रुग्णालय आपल्याला लोकलनें दूर नाहीं.

विलायतेंत फेरेट नांवाचा लांबट प्राणी पाळतात. सशांना बिळांतून हुसकण्यासाठीं शिकारी तो वापरीत. त्याच्या पोटावर तेलाचा थेंब लावतात व तो चाटण्यांत गुंतला असतां त्याचीं नखें कापतात! (दिसण्यांत तो आपल्या मुंगसासारखा, पण कूळ निराळें, आणि मुंगूस पाळणें १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें मना आहे, हें ध्यानांत असूं द्या.) सशाला असें फसवितां येत नाहीं, कोथिंबिरीची काडी पुढें धरली तर थोडा स्थिर राहतो, इतकेंच. तो धडपडूं लागला कीं थांबावें. एका दिवशीं एकाच पायाचीं नखें झालीं तरी चालेल.

त्या मुलाच्या घरीं आतां दुसरा ससा आहे. आई धरते, तो कापतो. दोघेंहि लादीवर चटई टाकून बसतात.