नवा महागडा मोबाईल : आत्ता घ्यायचा की थांबायचं? (गणित आणि व्यवहार, इयत्ता ८ वी ते १० वी)



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यात घरोघरी एक विषय निघतोच. "नव्वद टक्के पाडले तर भारीतला मोबाईल घेऊन देईन" असं वडील जानेवारीत बोलून गेलेले असतात, आणि जूनमध्ये पोरगं शब्द पाळायला लावतं. मग घरात रुसवेफुगवे, हप्त्यांची चौकशी, आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, "सरांना विचारा." सरांनी तरी काय सांगायचं? घ्या म्हणावं तर खर्च आपल्या सल्ल्याने झाला, नको म्हणावं तर पोरगं आपल्यावर नाराज. माझा उपाय असा की उत्तर आपण द्यायचंच नाही. गणित फळ्यावर मांडायचं आणि उत्तर मुलांकडून काढून घ्यायचं. आठवीला चक्रवाढव्याज आहे, दहावीच्या अर्थनियोजनात जीएसटी आहे. या पाठांना यापेक्षा जिवंत उदाहरण मिळणार नाही.

किंमत ठरलेली असू द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आला तेव्हा भारतात त्याची सुरुवातीची किंमत ८२,९०० रुपये होती. हा आकडा फळ्यावर लिहा आणि पहिला प्रश्न विचारा : यात जीएसटी किती?

निम्मा वर्ग लगेच ८२,९०० चे १८ टक्के काढतो आणि १४,९२२ रुपये सांगतो. चूक! छापील किंमत करासह असते. म्हणजे मूळ किंमत १०० धरली तर आपण ११८ देतो. ८२,९०० ला ११८ ने भागून १०० ने गुणलं की मूळ किंमत येते ७०,२५४ रुपये, आणि कर १२,६४६ रुपये. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मोबाईलवरचा हा दर १ एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, मोबाईल मात्र होता तिथेच राहिला. तेव्हा "कर कमी होईल, थांबू" म्हणून थांबलेल्याला काहीच मिळालं नाही. थांबायचं तर कशासाठी, हे आधी ठरलेलं हवं.

आता ८२,९०० म्हणजे किती? इथे घाई करू नका, हा भाग मुलांना सगळ्यात जास्त भिडतो. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये. ८२,९०० भागिले ३१२, म्हणजे २६६ दिवस. तेव्हा हमी होती कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची. म्हणजे अडीच वर्षांहून जास्त काळ, तेही एक रुपया न खाता!

दुधाचं गणित तर आपल्या अकोले, संगमनेर, राहुरीच्या मुलांना तोंडपाठ असतं. जुलै २०२४ मध्ये कोतूळला दूध दरासाठी धरणं धरलं होतं, लिटरला ४० रुपये मागत होते. समजा दर ३५ मिळाला आणि चारा, पेंड, औषधपाणी वजा जाता लिटरमागे १० रुपये सुटले. मग मोबाईलसाठी ८,२९० लिटर दूध घालावं लागेल. रोज दहा लिटर देणारी गाय असेल तर ८२९ दिवस. एवढे दिवस गाय सलग दूध देत नाही हे मुलंच तुम्हाला सांगतील, आणि मग खरी चर्चा सुरू होईल. मात्र एक पथ्य पाळा. कुणाच्या घरचे आकडे वर्गात विचारू नका. सगळं "समजा" म्हणूनच चालवा.

आता मुख्य प्रश्न. थांबलं तर किती वाचतं? सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ ची किंमत ७९,९०० होती. वर्षाने १६ आला आणि १५ ची किंमत ६९,९०० झाली. आणखी एका वर्षाने १७ आला, आणि ७९,९०० चा १६ सुद्धा ६९,९०० वर उतरला. दोन्ही वेळा दहा हजार, म्हणजे साधारण साडेबारा टक्के. आठवीच्या पुस्तकात घसारा दरवर्षी सारख्या टक्क्याने होतो. बाजारात किंमत पायरीसारखी उतरते, आणि पायरी नवीन मॉडेलच्या दिवशी येते. आयफोन बहुधा सप्टेंबरमध्ये येतो, सॅमसंगची एस मालिका जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणून निकालावर किंवा ऑगस्टमध्ये राखीला आयफोन घेणं म्हणजे पायरीच्या कडेला उभं राहून पूर्ण भाव देणं.

पण मुलांना इथे एक गाठ सोडवायला द्या. "मग कायम मागच्या वर्षीचाच घ्यावा ना सर?" असं कुणीतरी विचारतंच. उत्तर सरळ नाही. १७ मध्ये सुरुवातीलाच २५६ जीबी साठवण होती, ६९,९०० च्या १६ मध्ये १२८ जीबी. तेव्हा १३,००० च्या फरकात साठवणही येते. दुसरं, फोनला आयुष्य असतं. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ मालिका आणली तेव्हा सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. हा काळ मोजायचा तो फोन बाजारात आल्यापासून. तोच फोन दोन वर्षांनी घेतला तर हातात पाचच वर्षं उरतात. म्हणून किंमत भागिले वापरायचे महिने, असं करून बघा :

८२,९०० चा फोन ६ वर्षं वापरला : महिन्याला १,१५१ रुपये.
६९,९०० चा फोन ५ वर्षं वापरला : महिन्याला १,१६५ रुपये.
८२,९०० चा फोन २ वर्षांत बदलला : महिन्याला ३,४५४ रुपये.

पहिल्या दोन ओळी जवळजवळ सारख्या आहेत, तिसरी बघा! नवा घेतला की जुना, यापेक्षा किती वर्षं टिकवला यावर जास्त अवलंबून आहे. आणि पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं एक फोन सहा वर्षं वापरेल का, हे पालकांनी मनाशी विचारावं. मला तरी शंका आहे.

हप्त्यांबद्दल थोडं. "नो कॉस्ट ईएमआय" हा शब्द दुकानाच्या दारावरच लावलेला असतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत बजावलं होतं, कारण फुकट कर्ज नसतंच. बहुतेक वेळा व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात आणि बँक व्याज वेगळं लावते. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी पडतो. व्याज ५,००० असेल तर ९०० रुपये तिथेच गेले, प्रोसेसिंग फी वेगळी. दुकानात फक्त एवढंच विचारायचं, "रोख दिले तर किती कमी कराल?" त्या उत्तरात हप्त्याची खरी किंमत कळते. उलट ६,००० चा तोच हप्ता बारा महिने स्वतःच्या खात्यात टाकला तर ७२,००० जमतात, आणि तोवर ७९,९०० चा फोन ६९,९०० वर आलेला असतो. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यासाठी हप्त्यावर महागडा मोबाईल घेऊच नये.

सगळ्यांनी थांबावं असं मात्र नाही. बॅटरी फुगली असेल तर फोन आजच बंद करा, तो धोका आहे. सुरक्षा अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करत राहणंही शहाणपणाचं नाही. बॅटरी फक्त लवकर उतरत असेल तर ती बदलता येते, त्याला नवा फोन लागत नाही. आणि ज्याचा धंदाच फोनवर चालतो, म्हणजे लग्नाचे फोटो, व्हिडिओ काढणारा, त्याचं गणित वेगळं. त्याला फोन कमावून देतो. दीक्षा अ‍ॅप, परीक्षेचे व्हिडिओ, पीडीएफ यांना साधा फोन पुरतो, हे आपण शिक्षक रोज बघतोच.

गृहपाठ : मुलांनी घरच्या मोठ्यांसोबत बसून सध्याच्या फोनची खरेदीची किंमत आणि वापरलेले महिने लिहून भागाकार करावा. मग हवा असलेल्या फोनची किंमत तितक्याच महिन्यांनी भागावी. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून त्याखाली "घ्यायचा" किंवा "थांबायचं" आणि दोन वाक्यांत कारण. वही तपासताना उत्तराला गुण देऊ नका, कारणाला द्या.