आपत्ति आणि सैनिक

कोठें महापूर आला किंवा भूकंप झाला, कीं "आतां लष्कर येईल" असें म्हणून लोक निश्चिंत होतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या मुखांतूनहि हें वाक्य आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. सैनिकांवरील हा विश्वास अस्थानीं नाहीं. परंतु त्यांच्या मार्गांत कोणत्या अडचणी असतात, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो एका उदाहरणाच्या साह्यानें येथें करूं.

सन २०१३ च्या जून महिन्यांत, १६ व १७ या तारखांस, उत्तराखंडांत भयंकर अतिवृष्टि झाली. केदारनाथाच्या वरच्या अंगास असलेलें चोराबारी सरोवर १७ तारखेस सकाळीं फुटलें आणि मंदाकिनीच्या खोऱ्यांत पाण्याचा व दगडधोंड्यांचा लोंढा कोसळला. यात्रेचा हंगाम असल्यामुळें देशाच्या सर्व भागांतले लोक तेथें जमले होते. त्यांत महाराष्ट्रीय यात्रेकरूहि होते. ५,००० हून अधिक माणसें मृत्यु पावलीं अथवा बेपत्ता झालीं.

सैन्यापुढील पहिली अडचण वाटेची. रस्ते व पूल वाहून गेले होते. म्हणून जवानांस कोठें दोर बांधून, कोठें तात्पुरते पूल उभारून माणसें पलीकडे न्यावीं लागलीं. दुसरी अडचण हवेची. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवेंत हेलिकॉप्टरास नेहमींइतकें ओझें उचलवत नाहीं. शिवाय दऱ्या अरुंद आणि धुकें दाट. तिसरी अडचण इंधनाची. रस्ताच नाहीं, तर तेलाच्या गाड्या याव्या कशा? तेव्हां वायुदलानें हर्क्युलिस जातीचें मोठें विमान धरासूच्या आंखूड धावपट्टीवर उतरविलें आणि त्याच्या टाक्यांतील इंधन काढून हेलिकॉप्टरांस पुरविलें. पराक्रमामागें अशी पुरवठ्याची चिंता नेहमींच उभी असते.

चौथी अडचण अधिकाराची. युद्धांत सेनापतीची आज्ञा अखेरची असते. आपत्तींत मात्र सैन्य मुलकी अधिकाऱ्यांच्या साह्यास आलेलें असतें. कोण कोठें अडकला आहे, प्रथम कोणास हलवावें, सुटलेल्यांस कोठें ठेवावें, ही माहिती मुलकी खात्यानें द्यावयाची असते. ती वेळेवर न मिळाल्यास सैनिकाचें बळ व्यर्थ जातें. निरनिराळ्या खात्यांत मेळ नाहीं, हें त्या वेळचे केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनींहि तेव्हां बोलून दाखविलें होतें.

आणि या कार्याचें मोल प्राणांनीं द्यावें लागतें. २५ जून रोजीं वायुदलाचें एक हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलें. त्यांतील वीसहि जण मरण पावले: वायुदलाचे ५, राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे ९ व भारत-तिबेट सीमा पोलिस दलाचे ६. समोर शत्रु नव्हता, युद्ध नव्हतें. परक्यांचे प्राण वांचविण्यासाठीं गेलेले ते वीर होते. त्या मोहिमेंत सर्व दलांनीं मिळून एक लक्षाहून अधिक लोकांस सुरक्षित स्थळीं पोंचविलें.

यावरून विद्यार्थ्यांनीं काय शिकावें? सैनिक कितीहि तत्पर असला, तरी त्यास दुरून यावें लागतें. संकटाचे पहिले कांहीं तास त्याचे नसतात. ते शेजाऱ्यांचे असतात. आपल्या गांवांत उंच व निर्भय जागा कोणती, एकटे वृद्ध व आजारी कोणत्या घरांत आहेत, पोहणारे कोण आहेत, हें ज्या गांवास आधींच ठाऊक आहे, तें गांव सैन्य येईपर्यंत तग धरील आणि तें आल्यावर त्यास नीट वाट दाखवील. ज्यास हें ठाऊक नाहीं, तें केवळ आकाशाकडे पाहात बसेल.

सैनिकांच्या गौरवार्थ आपण टाळ्या वाजवितों, तें योग्यच आहे. परंतु त्यांचा खरा गौरव त्यांचें काम हलकें करण्यांत आहे. या पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या आळीपुरती अशी एक यादी करावी, एवढीच आमची सूचना आहे. वहीचें एक पान त्यास पुरे होईल.