शीड आणि वारा

वारा जिकडे वाहतो तिकडेच शिडाची होडी जाते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा असता, तर दुपारीं समुद्राकडून वारा येत असतां कोकणच्या बंदरांतून एकही शिडाची होडी बाहेर पडती ना. ह्यांतील मर्म आपण पाहूं.

प्रथम वारा कोठून येतो तें ओळखावें. निशाण, पाण्यावरील लहरी आणि आपला गाल, हे तिन्ही तें सांगतात. मग तीन स्थिति ध्यानांत ठेवाव्या.

१. वारा पाठीमागून असतां शीड बाहेर सोडून होडीच्या लांबीशीं सुमारें ९० अंशांचा कोन करावा. येथें वारा शिडास सरळ ढकलतो. मात्र तो शिडाच्या दुसऱ्या बाजूस शिरला, तर शीड एकाएकीं पलीकडे फेकलें जातें. म्हणून डोकें संभाळावें.

२. वारा बाजूनें असतां शीड सुमारें अर्धें, म्हणजे ४५ अंश, बाहेर ठेवावें.

३. वारा समोरून तिरकस असतां शीड ओढून होडीच्या मध्यरेषेजवळ आणावें. अगदीं वाऱ्याच्या तोंडावर मात्र कोणतीच शिडाची होडी चालत नाहीं. साधारण होडीस वाऱ्यापासून सुमारें ४५ अंश दूर राहून, एकदां डावीकडे, एकदां उजवीकडे, असें नागमोडी जावें लागतें.

हें घडतें कसें? बांकदार शीड वाऱ्याची दिशा वळवितें. न्यूटननें १६८७ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें क्रियेस प्रतिक्रिया असतेच. वारा एकीकडे वळला कीं शीड दुसरीकडे रेटलें जातें. त्या रेट्यांतील आडवा भाग होडीच्या तळाचा कणा पाण्यांत अडवून धरितो. उरलेला भाग होडीस पुढें नेतो.

दुसऱ्या व तिसऱ्या स्थितींत शीड नेमकें किती ओढावें? दोर हळूहळू सैल सोडावा. शिडाची पुढली कड फडफडूं लागली, कीं फडफड थांबेल इतकाच तो पुन्हां ओढावा. नवशिके बहुधा फाजील ओढितात. मग होडी कलते फार आणि चालते थोडी. बाजूनें जोराचा झोत आल्यास दोर तत्काळ सैल करावा. ह्यासाठींच तो हातांत असावा. लहान होडींत त्यास पक्की गांठ मारून बसणें म्हणजे प्राणांशीं खेळणें होय.

प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २७ ह्यांत पौलाच्या जहाजास वादळापुढें वाहत जावें लागलें, हें आपण वाचलें आहे. वाऱ्यावर आपली सत्ता नाहीं. शीड मात्र आपल्या हातीं आहे. तें केव्हां ओढावें व केव्हां सोडावें हें जाणणें, हेंच नाविकाचें शहाणपण.