विशेषण एकटे शिकवू नका

सिरोंचातल्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुले असतात, गोंडी आणि माडिया बोलणारीही असतात. शाळेची भाषा मराठी आणि राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी. इथे शिकवताना मला एक गोष्ट पक्की कळली आहे : ‘टॉल म्हणजे उंच’ एवढ्यावर धडा संपवला, तर त्याची किंमत मूल मोजते.

आमचा एक विद्यार्थी नोकरीच्या मुलाखतीत भावाची उंची सांगताना म्हणाला, ‘माय ब्रदर इज व्हेरी हाय.’ समोरचे हसले, कारण माणसाला ‘हाय’ म्हटले की तो नशेत आहे असा अर्थ होतो. त्यानंतर तो मुलगा कितीतरी दिवस इंग्रजीत बोललाच नाही. शब्द पाठ होता, तो कुठे वापरायचा हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

तेलुगूत ‘पोडुगु’ हा शब्द लांब वेणीलाही चालतो आणि उंच माणसालाही. म्हणून ‘लाँग मॅन’ लिहिणारे मूल निष्काळजी नसते, ते घरच्या भाषेच्या नियमाने बरोबर चाललेले असते. चिनी मुलेही अशाच जागी अडखळतात. त्यांच्या ‘गाओ’मध्ये माणसाची उंची, डोंगराची उंची आणि चढलेले तापमान सगळेच मावते.

म्हणून शिक्षक-पालकांना माझे सांगणे आहे, विशेषण नामासोबतच शिकवा. सागवानाकडे बोट दाखवा : बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सरळ उभे झाड ‘टॉल’, पण त्याची जमिनीपासून दूर असलेली फांदी ‘हाय’. माणूस, झाड, मनोरा हे ‘टॉल’. पुराची पातळी, बाजारभाव, मलेरियाचा ताप हे ‘हाय’. प्राणहिता नदी मात्र ‘लाँग’. काही ठिकाणी दोन्ही शब्द चालतात, डोंगराला ‘हाय’ म्हणतात तसे ‘टॉल’ही म्हणतात. ते नंतर सांगा, आधी पक्क्या जोड्या बसू द्या.

वहीत प्रत्येक विशेषणापुढे त्याच्याशी जुळणारी तीन नामे लिहून घ्या आणि न जुळणारे एक. शेजारी घरचा शब्दही लिहू द्या, म्हणजे चूक कुठून येते ते मुलालाच दिसेल. आणि चुकले तर आधी विचारा, ‘घरी हे कसे म्हणता?’ उत्तर ऐकल्याशिवाय लाल शाई उचलू नका.