पेपर काढायला बसण्याआधी

एमडी आणि डीएनबी करणाऱ्या मुलांच्या परीक्षेसाठी प्रश्न काढून द्याल का, अशी विचारणा झाली तेव्हा मी एका मिनिटात हो म्हणून टाकलं. मानधनाचा विषय नव्हता, सेवा म्हणून करायचं काम होतं. सहा आठवड्यांत तीस प्रश्न. प्रत्येकाला चार पर्याय, उत्तर एकच. वसईत वीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतेय, रेसिडेंट डॉक्टरांना शिकवतेय, तेव्हा रोज रात्री ओपीडी आटोपली की एक प्रश्न सहज होईल, असा मी हिशेब मांडला. तो साफ चुकला. माझ्या ओळखीतल्या दोन तरुण डॉक्टरांनाही नुकतंच असं बोलावणं आलं आहे. त्यांनी माझ्यासारखं घाईनं हो म्हणू नये, म्हणून हे लिहिते आहे.

रात्री दहानंतर थकलेलं डोकं सोप्या वाटेनं जातं. पुस्तक उघडायचं, तक्त्यातली एक ओळ उचलायची आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह लावायचं. अमुक लक्षण किती टक्के रुग्णांत दिसतं? तमुक सिंड्रोमला कोणाचं नाव आहे? माझे पहिले दहा-बारा प्रश्न असेच झाले. घोकंपट्टी करणारा मुलगा त्यांची उत्तरं अर्ध्या मिनिटात देईल, आणि रात्री दोन वाजता दम लागलेला रुग्ण समोर आला तर तोच मुलगा गोंधळेल. तीन वर्षं वॉर्डात घासून तयार झालेल्या डॉक्टरची परीक्षा अशी घ्यायची नसते. हे कळायला मला महिना लागला.

पण खरी अद्दल घडली ती ज्या प्रश्नावर माझा सर्वाधिक भरवसा होता त्यानं. 2018 च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी तुंबलं, नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या. पाणी ओसरल्यावर तापाचे रुग्ण येऊ लागले. त्यांतले एक काका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. अनवाणी भातलावणी केलेली, तळव्याला भेगा. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. पोटरी नुसती दाबली तरी कळवळत होते. दोन दिवसांत कावीळ दिसू लागली, क्रिएटिनिन चढलं. उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टो. मी त्यांचीच हकिकत प्रश्नात उतरवली आणि विचारलं, औषध कोणतं द्याल? पर्यायांत पेनिसिलिन होतं, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनही होतं. उत्तर म्हणून मी पेनिसिलिनवर खूण केली, कारण माझ्या विद्यार्थिदशेत तेच शिकवलं होतं.

प्रश्न तपासायला मुंबईत बैठक होती. तिथली पद्धत साधी होती. प्रश्न पडद्यावर यायचा, उत्तर झाकलेलं असायचं आणि सगळ्यांनी आपापलं उत्तर कागदावर लिहायचं. माझ्या प्रश्नाला निम्म्या जणांनी पेनिसिलिन लिहिलं, निम्म्यांनी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन. एक ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, थायलंडमध्ये 173 रुग्णांवर दोन्ही औषधांची तुलना झाली, 2003 साली ती छापून आली. फरक आढळला नाही. तुम्ही स्वतः वॉर्डात काय देता?"

मी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन देते. वर्षानुवर्षं तेच देत आले आहे. माझ्याच हाताखाली शिकलेल्या, मी दाखवलं तसंच वागणाऱ्या मुलानं माझ्याच प्रश्नावर गुण गमावले असते. त्या दिवशी विरार लोकलमध्ये दादरपासून उभी होते, आणि वसई येईपर्यंत मनात दुसरं काही नव्हतं.

तो प्रश्न मी फेकला नाही, पुन्हा बांधला. वॉर्डात रेसिडेंट नेमके कुठे चुकतात ते आठवलं. ते औषधाच्या नावात चुकत नाहीत, वाट पाहण्यात चुकतात. तापाच्या चौथ्या दिवशी अँटिबॉडीची तपासणी करतात, ती निगेटिव्ह येते आणि लेप्टो नाही म्हणून थांबतात. प्रत्यक्षात त्या अँटिबॉडी रक्तात दिसायला साधारण आठवडा लागतो. म्हणून नवा प्रश्न असा झाला: चौथा दिवस, कावीळ, क्रिएटिनिन वाढलेलं, तपासणी निगेटिव्ह, आता काय कराल? बरोबर उत्तर, न थांबता अँटिबायोटिक सुरू करणं. बाकीचे तीन पर्याय मी राउंडवर प्रत्यक्ष ऐकलेल्या चुका होत्या. या एका प्रश्नाला दोन संध्याकाळी गेल्या.

त्याच बैठकीत दुसरी एक गोष्ट लक्षात आली, आणि तिचं मला जास्त वाईट वाटलं. पालघर बाजूच्या एका डॉक्टरांनी बाहेर चहा घेताना विचारलं, "हे अमुक गावचे काका का?" मी वय, गाव, धंदा, सगळं जसंच्या तसं लिहिलं होतं. काकांनी त्यांचा आजार माझ्यापाशी विश्वासानं उघड केला होता, परीक्षेच्या कागदासाठी नव्हे. तेव्हापासून मी गाव काढते, वय बदलते, दोन-तीन रुग्णांचा मिळून एक करते. आजाराला हात लावत नाही, बाकी सगळं बदलते.

लिहिण्याच्या काही सवयी मोडाव्या लागल्या. बरोबर पर्याय काळजीपूर्वक लिहिल्यामुळे नकळत लांब होतो. हुशार मुलं लांबी बघूनच उत्तर ओळखतात. "वरीलपैकी सर्व" लिहिलं की दोन गोष्टी माहीत असणारा तिसरी न वाचता सुटतो. "खालीलपैकी कोणते नाही" मधला "नाही" घाईत नजरेतून निसटतो, मग आपण वैद्यक तपासतो की वाचन? पर्याय झाकून नुसता प्रश्न वाचल्यावर जाणत्या डॉक्टरला उत्तर सुचलं पाहिजे. नाही सुचलं, तर प्रश्न अर्धाच आहे.

आता गुप्ततेबद्दल, आणि इथे मी अजिबात सैल बोलणार नाही. 23 जून 2024 ची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली गेली. इतर परीक्षांच्या पेपरफुटीच्या आरोपांनी वातावरण तापलेलं होतं. परीक्षा झाली ती 11 ऑगस्टला. परगावच्या केंद्रावर आधीच पोचलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांचे आईवडील पाहिले आहेत. ती परीक्षा वेगळी, पण विश्वास तोच. तुमच्या विभागातली मुलं किंवा घरातलं कुणी तुम्ही प्रश्न काढताय त्या परीक्षेला बसणार असेल तर ते आधीच लेखी कळवा. राउंडवर "मी पेपर काढतेय" असं सहज म्हणू नका. मी एकदा म्हणाले होते. पुढचे पंधरा दिवस मी जो आजार शिकवेन तो मुलं अधोरेखित करत होती आणि बाकीचं सोडून देत होती. खासगी शिकवणीवाल्यांशी संबंध असेल तर हे काम घेऊच नका.

इतकं सांगूनही मी नाही म्हणा असं म्हणणार नाही. प्रश्न फक्त मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत निघाले तर शेतातले, मिठागरांतले, पाड्यांवरचे आजार परीक्षेत येणार नाहीत, आणि जे परीक्षेत येत नाही ते मुलं वाचत नाहीत. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसं कशी वाचवायची, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात काम करून जगाला दाखवलं. तालुक्याच्या ठिकाणी बसलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं असतं, त्यानं ते प्रश्नातून सांगितलंच पाहिजे. फक्त तीस घेऊ नका. आठ घ्या, आणि रविवारी सकाळी बसा.

यंदा मी आठच घेतले आहेत. सात झाले. आठवा मण्यारीचा आहे: पाड्यावर जमिनीवर झोपलेली बाई, पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेली, अंगावर दंशाची खूण नाही, पापण्या जडावलेल्या. तीन पर्याय जमले आहेत. चौथ्यासाठी जुन्या केसपेपरांचा गठ्ठा काढून ठेवला आहे. पोटदुखीवर नुसतं अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलेली एक केस त्यात कुठेतरी आहे.